रत्नागिरीची बस की मालवणची? कोल्हापुरातून एका दिवसात समुद्र गाठायचा तर

मावशीच्या भिशीत अकरा जणी आहेत, वयं अठ्ठेचाळीस ते बाहत्तर. दिवाळीनंतर समुद्र बघायला जायचं असं त्यांचं दोन वर्षं चाललंय. यंदा कुणीतरी दसरा चौकातून दोन पत्रकं आणली. एक रत्नागिरी-गणपतीपुळ्याचं, दुसरं मालवण-सिंधुदुर्ग-तारकर्लीचं. दोन्ही सहली एका दिवसाच्या, दोन्हींत नाश्ता, जेवण आणि मार्गदर्शक, दोन्हींवर ठळक अक्षरांत "८ ठिकाणे". मावशीनं दोन्ही माझ्यापुढं टाकली. "तू दोन्हीकडं जाऊन आलायस. सांग कुठलं घेऊ?"

तिला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. कोल्हापुरातून समुद्र लांब नाही आणि जवळही नाही. मध्ये घाट आहे, आणि घाट उतरून पुन्हा चढायचा म्हटलं की एक दिवस नेमका तोकडा पडतो.

आधी "८ ठिकाणे" या शब्दांचा हिशेब करू. बस पहाटे साडेपाचला निघाली आणि रात्री साडेदहाला परत आली, तर सतरा तास झाले. कोल्हापूर ते गणपतीपुळे साधारण १४५ किलोमीटर, म्हणजे मोठ्या बसला घाटासकट पावणेचार तास धरा. तिथून आरे-वारेच्या किनाऱ्यानं रत्नागिरी २५ किलोमीटर. मग शहरातली फिराफिर आणि परतीचे १३० किलोमीटर. चाकांवरच नऊ तास जातात. नाश्त्याचा आणि रात्रीच्या जेवणाचा थांबा दीड तास, दुपारचं जेवण एक तास. आणि कुठल्याच पत्रकात नसलेली गोष्ट म्हणजे ३५ माणसं बसमधून उतरणं, परत चढणं, मोजणी होणं आणि "कुलकर्णी काका कुठायत?" म्हणून शोधाशोध होणं. एका थांब्याला पंधरा मिनिटं, आठ थांब्यांना दोन तास. उरले साडेतीन तास, म्हणजे एका ठिकाणाला पंचवीसेक मिनिटं.

म्हणून बुकिंग करताना किती ठिकाणं दाखवणार हे विचारू नका. किती वेळा खाली उतरवणार ते विचारा. आठाऐवजी पाच सांगणारा मला जास्त भरवशाचा वाटतो.

रत्नागिरी

रस्ता मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा असा. पहाटे आंब्याच्या जंगलात धुकं असलं तर बस रांगत जाते, आणि बायकांनी शाली न्यायला हव्यात, समुद्रावर जायचं असलं तरी. ज्यांना गाडी लागते त्यांनी मागच्या सीटवर अजिबात बसू नये. घाटात मागचा भाग जास्त फिरतो. आवळासुपारी प्रत्येकीच्या पर्समध्ये असतेच, पण मधली किंवा पुढची सीट तिच्यापेक्षा उपयोगी.

बस आधी गणपतीपुळ्याला जाते की आधी रत्नागिरीत, यावर बरंच अवलंबून आहे. गणपतीपुळ्याला मूर्तीपुढं हात जोडून झालं की खरं काम डोंगराच्या प्रदक्षिणेचं. डोंगर हाच देव, म्हणून फेरी त्याच्याभोवती, साधारण एक किलोमीटर, अनवाणी. दुपारी बारानंतर ती फरसबंदी वाट तव्यासारखी तापते. सकाळी दहाच्या आत पोचवणारी बस चांगली. अंगारकीच्या दिवशी मात्र कुठलीच बस चांगली नाही, रांगेतच दुपार होते. आणि समुद्रात उतरायचं नाही. पाय भिजवा, पुढं जाऊ नका. तिथला किनारा पटकन खोल होतो आणि पाणी आत ओढतं. दरवर्षी घाटावरची पोरं तिथं बुडतात. पंचगंगेत पोहलेलं तिथं कामाला येत नाही.

आरे-वारेचा रस्ता हा या सहलीतला सगळ्यात सुंदर अर्धा तास. त्यात कुठं उतरलं नाही तरी चालेल, डावी-उजवी खिडकी मात्र आधीच ठरवून घ्या. पुळ्याहून रत्नागिरीकडं जाताना समुद्र उजवीकडं असतो.

आता शहर. रत्नागिरी हे शहर म्हणून बघायचं ठिकाण आहे हे आपल्याकडं फारसं कुणाच्या मनात नसतं. आपण तिथं आंबे घ्यायला जातो. पण मार्गदर्शक घेऊन जाण्यासारखं काही असेल तर ते इथंच. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. चोवीसेक वर्षं तो इथल्या बंगल्यांत राहिला. १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला, आणि १९१६ मध्ये तो इथंच वारला. थोरल्या राजकन्येची मुलगी रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलत जगली. ही गोष्ट कुणी नीट सांगितली तर त्या रिकाम्या खोल्यांना अर्थ येतो. नाही सांगितली तर ती एक मोठी, तांबडी, जुनी इमारत आहे आणि समोर खाडी दिसते, एवढंच.

मी पूर्वी एका बसनं गेलो होतो तो वार सोमवार होता. सोमवारी तिथलं संग्रहालय बंद. मार्गदर्शक म्हणाला, "बाहेरूनच छान दिसतं." मग त्यानं आम्हाला काजूच्या दुकानात चाळीस मिनिटं नेलं. ते मात्र सोमवारी उघडं होतं.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान (जन्म २३ जुलै १८५६) आणि पतितपावन मंदिर एकमेकांपासून लांब नाहीत. पतितपावन १९३१ चं. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना उभं राहिलं, पैसा भागोजीशेठ कीरांचा, आणि दार सगळ्या जातींना उघडं. १९०२ मध्येच नोकऱ्यांत मागासांना ५० टक्के जागा राखून ठेवणाऱ्या शाहू महाराजांच्या गावातून आपण जातो. तेव्हा या देवळात पाच मिनिटं तरी बसावं असं मला वाटतं. बहुतेक बसेस ते वगळतात, कारण गल्लीत बस शिरत नाही.

संध्याकाळी रत्नदुर्ग. भगवतीच्या देवळापर्यंत गाडी बरीच वर जाते, शेवटी पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढावं, जमण्यासारखं आहे. तिथून तीन बाजूंनी समुद्र आणि खाली बंदर दिसतं. डिसेंबरात सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो. बस तेव्हा किल्ल्यावर किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर असेल, तर पैसे वसूल.

पावसचं नाव पत्रकात असेल तर सांगणाऱ्याला जरा विचारात पाडा. गणपतीपुळे शहराच्या उत्तरेला, पावस दक्षिणेला. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी शांत बसावं लागतं, तिथं वीस मिनिटांत उरकून पळणं बरं दिसत नाही. एकाच दिवशी दोन्ही नकोत. घरातली वडीलधारी स्वामींना मानणारी असतील तर पुळं सोडा आणि पावस घ्या.

मालवण

मालवण मला रत्नागिरीपेक्षा जास्त आवडतं, हे आधीच सांगून टाकतो. आणि तरीही एका दिवसाच्या बससाठी मी ते सुचवणार नाही.

कारण होडी. सिंधुदुर्ग कुरटे बेटावर आहे. पाया २५ नोव्हेंबर १६६४ ला घातला, तीन वर्षांत किल्ला झाला. ४८ एकर जागा, सुमारे तीन किलोमीटरची नागमोडी तटबंदी, पायात शिसं ओतलेलं. खाऱ्या पाण्याच्या मधोमध दूध, दही आणि साखर नावाच्या गोड्या पाण्याच्या विहिरी. शिवाजी महाराजांच्या हाताचा-पायाचा ठसा, आणि राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ. कोल्हापूरकरांना तर हा किल्ला परका नाहीच. तो आपल्याच गादीकडं होता, आणि १८१२ च्या तहात मालवणासकट इंग्रजांकडं गेला.

हे सगळं बघायला होडीवाला साधारण तासभर देतो. रविवारी जेटीवर रांग असते. बसमधली ३५ माणसं एका होडीत मावतीलच असं नाही, मग पहिली होडी परत येऊन थांबते आणि दुसरी अजून किल्ल्यावरच. वारा वाढला तर होड्याच बंद. बसचं वेळापत्रक एका होडीवर टांगलेलं असतं, आणि ते बिघडलं की कात्री लागते तारकर्लीला. तारकर्ली-देवबागचा रस्ता अरुंद, मोठी बस आत नेताना ड्रायव्हर कंटाळतात. पावसाळ्यात तर किल्ल्याची वाहतूक बंदच असते. त्या दिवसांत पत्रकात "सिंधुदुर्ग दर्शन" लिहिलेलं असेल तर ते किनाऱ्यावरून दर्शन.

रस्त्याचंही एक आहे. राधानगरी-दाजीपूर-फोंडा घाट-कणकवली-कसाल असा गेलात तर जंगल छान, गवा दिसला तर नशीब. बसला चार-सव्वाचार तास धरा. गगनबावड्यानं जाणारा करूळ घाट २०२४ मध्ये कामासाठी बराच काळ बंद होता, आणि पावसात दरड पडली की अजूनही वाट बदलावी लागते. निघण्याच्या आदल्या दिवशी कुठला घाट चालू आहे ते विचारा.

मालवणातल्याच राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा नवा पुतळा आहे. आधीचा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, त्या जागी २०२५ मध्ये नवीन उभारला. जेटीपासून जवळच, त्यामुळं तेवढं होतं.

जेवणात मालवण पुढं, यात वाद नाही. सुरमई, तिसऱ्या, सोलकढी. पण सहलीच्या पॅकेजमधली थाळी ही मालवणची थाळी नव्हे. ३५ जणांना एकदम वाढायचं तर मासा आधीच तळून ठेवलेला असतो. उलट गणपतीपुळ्याला देवस्थानचा खिचडीचा प्रसाद आणि एखाद्या घरगुती खानावळीत उकडीचा मोदक, यात बसवाल्याला बिघडवायला फारसं काही नसतं.

बसनंच का?

चौघंच असाल तर आपली गाडी. ३२० किलोमीटरला लिटरमागं १६ धरले तर २० लिटर पेट्रोल, माणशी पाचशेच्या आसपास. पाहिजे तिथं थांबता येतं, हा मोठा फायदा. तोटा रात्री नऊला आंबा घाट चढताना कळतो. दिवसभर उन्हात फिरलेला माणूस स्टिअरिंगवर, समोरून ट्रक, आणि मागं सगळे झोपलेले. एक दिवसासाठी ड्रायव्हर घेतलात तर हा प्रश्न मिटतो.

एसटी सगळ्यात स्वस्त. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या वरच्यांना मोफत. कोल्हापूर-रत्नागिरी गाड्या भरपूर आहेत. पण मग शहरात रिक्षा, पुळ्याला दुसरी एसटी, आणि परतीच्या गाडीकडं सारखं लक्ष. दोन तरुण पोरी असतील तर मजा आहे. बाहत्तरीच्या काकूंना नको.

अकरा जणींसाठी तेरा सीटची ट्रॅव्हलर हा पर्याय कागदावर सगळ्यात चांगला. भाडं किलोमीटरवर, दिवसाला किमान ३०० किलोमीटरचे पैसे लावतात, आणि रत्नागिरीला तेवढे होतातच, त्यामुळं फुकट जात नाहीत. मी मावशीला तेच सुचवलं. तिनं मान हलवली. "गाडी ठरवली की ड्रायव्हरच्या चहापासून कुणाला बाथरूमला जायचंय इथपर्यंत सगळं माझ्या डोक्यावर. मला पण एक दिवस नुसतं बसून जायचंय." याला उत्तर नव्हतं. मार्गदर्शक असलेल्या बसचे जास्तीचे पैसे ठिकाणांसाठी असतात असं मी इतकी वर्षं समजत होतो.

मग ठरवताना तिनं बसवाल्याला फोनवर एवढंच विचारलं: पुळ्याला किती वाजता पोचवणार, थिबा राजवाड्यात आत नेणार की बाहेरून, दुकानात किती वेळ, आणि पुढच्या चार सीट गाडी लागणाऱ्यांना मिळतील का. दुसऱ्या प्रश्नाला तो अडखळला, तेव्हा तिनं दुसरीकडं फोन लावला.

गोव्याचं तिसरं पत्रकही नंतर आलं, जुन्या गोव्याची चर्च आणि मिरामार एका दिवसात. ते मी तिच्या देखत रद्दीत टाकलं.

गुरुवारची रत्नागिरीची बस ठरली आहे. दोघी अजून मालवणवर अडून बसल्यात. त्यांना जानेवारीत दोन दिवसांचा मुक्काम करून, सकाळच्या पहिल्या होडीनं किल्ल्यावर न्यायचं मी कबूल केलंय.