बाळ लहान असताना केस: कापावेत की बांधून ठेवावेत?

माझ्या नणंदेचं बाळ परवा चार महिन्यांचं झालं आणि दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. "वहिनी, कापून टाकू का सगळे? रोज मूठभर निघतात न्हाताना." मला पटकन हो किंवा नाही म्हणता आलं नाही, कारण मी दोन्ही करून बसलेय. थोरलीच्या वेळी चौथ्या महिन्यात मानेपर्यंत कापले होते. धाकट्याच्या वेळी कात्री लावली नाही, वर्षभर बांधून काढले. फोनवर तिला तुटक तुटक सांगितलं, मधेच तिचं बाळ उठलं. म्हणून आता सगळं नीट लिहून काढतेय, तिच्यासारख्याच पेचात असलेल्या बाकीच्यांसाठीही.

आधी गळण्याबद्दल, कारण कापायचा निर्णय बहुतेक वेळा त्याच घाबरलेल्या आठवड्यात होतो. गरोदरपणात शरीरात इस्ट्रोजेन वाढलेलं असतं, त्यामुळे केस वाढीच्या अवस्थेतच रेंगाळतात. एरवी रोज 50 ते 100 केस गळणं हा नेमच असतो, त्यातलेही बरेचसे त्या दिवसांत गळत नाहीत. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं आणि हे थांबून राहिलेले केस एकदमच विश्रांतीला जातात. ही विश्रांती साधारण तीन महिन्यांची. ती संपली की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस सुटायला लागतात. माझ्या सासूबाई म्हणायच्या, बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस जातात. हिशोब बरोबर तेवढ्याच दिवसांचा निघतो.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की केस मुळापासून सुटतो. तो चार बोटं लांब आहे की हातभर, याचा त्याच्या सुटण्याशी काही संबंध नाही. कापल्यावर गळणं कमी झाल्यासारखं मलाही वाटलं होतं, पण कमी झाला होता तो न्हाणीघराच्या जाळीवरचा पुंजका. केस तेवढेच जात होते. तेव्हा "गळतात म्हणून कापते" असं कुणी म्हणत असेल तर मी तिला थोडं थांबायला सांगेन. बऱ्याच जणींचं वर्षभरात आपोआप सावरतं. वर्ष उलटूनही थांबलं नाही, किंवा सोबत धाप लागणं, फार थकवा येणं असं काही असलं तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्यावं. आणि लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यायच्या असतात, त्या बाळाच्या गडबडीत सुटतात. माझ्या पहिल्या वेळी सुटल्या होत्या.

आता कापलेल्या केसांकडे. त्यांचं जे चांगलं ते मनापासून सांगते. पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटांत वाळतात, आणि आमच्या ठाण्यात जुलैत ही फार मोठी गोष्ट आहे. मे महिन्यात मान मोकळी राहते. विरळ झालेले केस एका रेषेत बोथट कापले की भरल्यासारखे दिसतात, हे अगदी खरं. बाळाच्या मुठीत सापडायला फारसं काही उरत नाही. आणि पार्लरमधून बाहेर पडताना आरशात स्वतःला पाहिलं तेव्हा चार महिन्यांत पहिल्यांदा मला माझा चेहरा बरा वाटला होता. त्या एका संध्याकाळची किंमत मी कमी लेखत नाही.

पण तिसऱ्या-चौथ्या दिवशीच अडचण सुरू झाली, आणि माझा कौल ज्याने ठरला ती हीच.

सव्वा महिना मालिशवाल्या मावशी येत होत्या. नंतर बाळाची अंघोळ माझ्याकडे आली. पाटावर बसायचं, पाय पुढे पसरायचे, बाळाला पायांवर पालथं घ्यायचं. आधी तेल, मग पाणी, मग साबण. दोन्ही हात कोपरापर्यंत तेलाचे आणि निसरडे, एक हात बाळाच्या छातीखाली, तो काढायची सोय नाही. मान खाली. आणि मान खाली गेली रे गेली की कानामागे खोचलेले केस सुटून दोन्ही बाजूंनी डोळ्यांवर. फुंकर मारून पाहायची, मान झटकून पाहायची, शेवटी मनगटाच्या मागच्या बाजूने ते सारायचे. मनगटालाही तेल असतंच. अंघोळ उरकून बाळ दुपट्यात गुंडाळेपर्यंत माझ्या कपाळावरच्या बटा खोबरेल तेलाने चिप्प, आणि दुपारी कुणी आलं तर वाटावं, हिने आठवडाभर डोकं धुतलेलं नाही.

बांधावे म्हटलं तर मानेपर्यंतचे केस रबरात येत नाहीत. मागचे येतात, पुढचे येत नाहीत, कानाजवळचे तर कधीच नाहीत. मी पिना लावल्या. दोन्ही बाजूंना दोन-दोन. त्या बाळाच्या हाताला लागतात, सैल होऊन अंथरुणात पडतात, आणि अंथरुणात रांगणारं मूल असताना पडलेली पिन ही गोष्ट मला झोपू देत नव्हती. हेअरबँड लावला, तर तासाभरात कानामागे दुखायला लागायचं. कणीक मळताना तेच, दूध पाजताना तेच, लंगोट बदलताना तेच. लहान मुलाच्या आईचा दिवस खाली वाकून जातो आणि हात कशात तरी अडकलेले असतात. तोंडावर आलेले केस मागे सारायला मोकळा हात नाही, ही अडचण मी दिवसातून किती वेळा सोसली ते मोजलं नाही, पण त्या आठ महिन्यांचं म्हणून जे आठवतं त्यात ती सगळ्यात वर आहे.

सकाळचंही सांगते. आखूड केसांना सकाळी काही करावं लागत नाही असं म्हणतात. ज्यांचे सरळ आणि जड असतात त्यांचं तसं असेलही. माझे जरा लहरी आहेत. रात्री दोनदा-तीनदा उठून, एका कुशीवर पाजत झोपलं की सकाळी ती बाजू उभी राहिलेली असायची. पाणी मारून बसली नाही तर डोकंच धुवायचं. परिणामी मी एक दिवसाआड न्हात होते. लांब केस असताना आठवड्यातून दोनदा पुरायचं.

त्यात सहाव्या महिन्याच्या सुमारास गळलेल्या जागी नवे केस उगवायला लागतात. कपाळाच्या कडेने बोटभर उंचीचे, ताठ. दिसायला विचित्र, पण मनातून आनंदच होतो, कारण ते परत येतायत याची ती खूण. नेमकी तेव्हाच नोकरदार आईची 26 आठवड्यांची रजा संपते आणि ऑफिसला जायचं असतं. केस लांब असले तर ओल्या हाताने किंवा थेंबभर कोरफडीच्या गराने हे अंकुर मागे बसवून वरून क्लचर लावला की निभतं. आखूड केसांत त्यांना मागे ओढून धरणारं काही नसतं. कपाळावर अंकुर, गालांवर बटा, आणि मधे मी, सकाळच्या लोकलला.

आणि एक, ज्याचा आधी विचार कुणी करत नाही. आखूड केस नीट दिसायला सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा कापून घ्यावे लागतात. पहिल्यांदा कापताना उत्साह असतो, कुणीतरी बाळ सांभाळतं. दुसऱ्यांदा मी गेले तेव्हा डाव्या बाजूचे कापून झाले होते आणि सासूबाईंचा फोन आला, बाळ बाटलीला तोंड लावत नाहीये. उजवी बाजू घाईने उरकून घेतली आणि तशीच धावत घरी आले. त्यानंतर चार महिने जायला जमलंच नाही. तोवर ना धड आखूड, ना बांधण्याजोगे.

डोक्याचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. मानेवरचे केस क्लचरमध्ये मावतील एवढे व्हायला माझे जवळजवळ आठ महिने गेले. लांब ठेवून कंटाळा आला तर अर्ध्या तासात कापता येतात. उलट दिशेने जायला महिनेच्या महिने जातात. माझ्या नणंदेला मी फोनवर सगळ्यात आधी हेच सांगितलं.

धाकट्याच्या वेळचे बांधलेले केस सगळे गुणाचेच होते असं नाही. वाळण्याचा प्रश्न राहतोच. आमच्या आजीच्या काळी बाळंतिणीचे केस ओवा-बाळंतशेपाच्या धुरीवर वाळवायचे, आता फ्लॅटमध्ये ते कोण करणार. मी संध्याकाळी न्हायला लागले, नवरा घरी आला की. रात्री केस धुवू नयेत असं सासूबाईंचं म्हणणं होतं, त्यांना मी सांगितलं की सकाळी धुतले तर दिवसभर ओलेच बांधले जातात, ते अधिक वाईट. त्यांना पटलं. जाड टर्किश टॉवेलऐवजी जुना सुती पंचा घ्या. तो पाणी ओढतो, केस घासले जात नाहीत आणि डोक्यावर ओझं होत नाही. वीस मिनिटं पंचा, मग पंखा, झोपताना सैल वेणी. सैल वेणी घालून झोपलं की सकाळी गुंता नसतो. उलगडायची, पीळ द्यायचा, वर घेऊन क्लचर.

क्लचरचाही एक दोष आहे. पाजताना मागे टेकून बसलं की तो डोक्याला टोचतो, आणि झोपून पाजताना तर नकोच होतो. म्हणून घरात मी कापडी रबर वापरते, क्लचर बाहेर जाताना. केस ताणून घट्ट बांधू नका. रोज घट्ट बांधल्याने कपाळाच्या कडेचे केस मागे सरकत जातात, आणि बाळंतपणानंतर नेमकी तीच जागा विरळ असते. ओले असताना तर मुळीच नको.

बांधलेल्या केसांच्या विरोधात एकच गंभीर गोष्ट माझ्याकडे आहे. एका संध्याकाळी धाकटा काही केल्या रडायचा थांबेना. पोट पाहिलं, लंगोट पाहिला, ताप नाही. शेवटी कपडे बदलावेत म्हणून मोजे काढले, तर पायाच्या तिसऱ्या बोटाभोवती माझाच एक केस दोन वेढे घेऊन आवळलेला. बोट लालबुंद, टम्म. नखाने वेढा वर उचलला गेला आणि सुटला म्हणून बरं. केस कातडीत रुतलेला असेल तर घरी ओढाताण न करता लगेच डॉक्टरकडे न्यायचं, कारण बोटाचा रक्तपुरवठा अडतो. तेव्हापासून मोजे आणि झबली उलटी करून झटकल्याशिवाय मी घालत नाही, आणि बाळ विनाकारण रडलं की हातापायाची बोटं पाहते. लांब केस गळत असताना ही काळजी घ्यावीच लागेल. ती घ्यायला जमणार नाही असं वाटत असेल तर कापलेलेच बरे, हे मी प्रामाणिकपणे म्हणते. केस वर बांधलेले असले तर गळालेले बरेचसे त्या गाठीतच अडकून राहतात आणि विंचरताना निघतात, एवढा दिलासा आहे.

बाकीच्या नटण्यावरही याचा थोडा परिणाम होतो. केस वर गेले की कान आणि मान उघडी राहते, मग छोट्या फिरकीच्या कुड्या आणि एक टिकली एवढ्यावर मी तयार दिसते. लोंबणारं कानातलं मूल ओढतं, ते दोन वर्षं डब्यात ठेवलंय. टिकली मात्र झोपताना आरशाला न चिकटवता डबीत ठेवा. आरशाची गळून पडते आणि रांगणाऱ्या बाळाच्या तोंडात जाते.

तुमचे केस सरळ असतील, पार्लर इमारतीखाली असेल, घरात बाळाला घेणारं हक्काचं माणूस असेल, किंवा लांब केसांच्या ओझ्याने डोकं दुखत असेल, तर आखूड केस तुम्हाला मानवतील. माझ्या मैत्रिणीला मानवले, ती आजही तसेच ठेवते आणि सुंदर दिसते. फार कुरळ्या केसांचा अनुभव मला नाही, त्यांचं गणित वेगळं असू शकतं. पण मला विचारलं तर, आणि नणंदेने विचारलंच होतं, मी बांधता येतील एवढेच ठेवायला सांगेन.

याचा अर्थ कंबरेपर्यंत वाढवा असा नाही. तिला मी पार्लरमध्ये काय सांगायचं ते लिहून पाठवलं: खांद्याच्या खाली चार बोटं, सगळीकडे एकसारखी लांबी, स्टेप नको, पुढे बटा नकोत. कात्री लावण्याआधी केस मुठीत धरून मागे बांधून बघायचे, कानाजवळचा एकही केस बाहेर राहता कामा नये. राहिला तर एवढे कापू नका म्हणायचं. काल तिचा फोटो आला. बाळ पायांवर पालथं, तिचे हात तेलाचे, केस डोक्यावर गुंडाळलेले.