नाश्ता सोडावा की रात्रीचे जेवण लवकर आटोपावे?

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली, घणसोलीला नोकरीसाठी जाणाऱ्या माझ्या मैत्रिणींमध्ये सध्या दोन प्रकारचे उपवास चालू आहेत. पहिल्यात नाश्ता वगळून दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्याच वेळेत खायचे, म्हणजे १६:८ (१६ तास उपवास, ८ तासांत खाणे). दुसऱ्यात संध्याकाळी ७ च्या आत जेवून सकाळी ८ पर्यंत पाण्याखेरीज काही घ्यायचे नाही. वजन, साखर आणि प्रतिकारशक्ती या तिन्हींसाठी यातला कोणता बरा, हा प्रश्न त्यांच्यापुढे आहे, आणि माझा कल दुसऱ्याकडे आहे.

पहिल्याच्या बाजूने बरेच बोलले जाते, पण पुरावा तितका भक्कम नाही. अमेरिकेत ११६ जणांवर १२ आठवडे झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हीच १२ ते ८ ची वेळ पाळणाऱ्यांचे वजन, दिवसातून तीनदा नीट जेवणाऱ्यांच्या तुलनेत लक्षणीय जास्त घटले नाही. लवकर जेवण्याच्या बाजूने २०१८ चा प्रयोग नेहमी सांगितला जातो. त्यात वजन न घटताही शरीर इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागले. मात्र तो मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या अवघ्या आठ जणांवर झाला होता आणि ते सगळे पुरुष होते. जर्मनीत वजन जास्त असलेल्या ३१ महिलांना दोन आठवडे सकाळी ८ ते दुपारी ४ आणि दोन आठवडे दुपारी १ ते रात्री ९ असे जेवू घातले, एकूण आहार तेवढाच ठेवला, तेव्हा दोन्ही वेळी इन्शुलिनच्या प्रतिसादात सुधारणा दिसली नाही. याचा अर्थ असा की घड्याळापेक्षा दिवसभरात किती आणि काय खाल्ले याला अधिक महत्त्व आहे.

मग मी दुसरा का निवडते? कारण नाश्ता सोडला की पोह्यांबरोबरचे अंडे किंवा मोडाची उसळही सुटते, दोन वेळच्या जेवणात ती प्रथिने सहसा भरून निघत नाहीत आणि चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात. शिवाय तेच अन्न रात्री उशिरा खाल्ले तर रक्तातली साखर सकाळच्या मानाने जास्त चढते. घोडबंदर रोडच्या वाहतुकीतून घरी पोहोचायला नऊ वाजतात, ही खरी अडचण आहे. माझी एक मैत्रीण त्यासाठी दुसरा छोटा डबा नेते: एक ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, काकडी. साडेसहाला कार्यालयातच जेवते आणि मगच निघते.

प्रतिकारशक्तीच्या बाबतीत फार सांभाळून बोलायला हवे. उपवासात रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींची संख्या घटते, असे माणसांमध्ये दिसले आहे. दाहाचे, म्हणजे शरीरात सतत सूज राहणारे, जुने आजार असणाऱ्यांना ते उपयोगी पडू शकेल, पण याला प्रतिकारशक्ती वाढणे म्हणता येत नाही. उंदरांना २४ तास उपाशी ठेवले तेव्हा या पेशी अस्थिमज्जेत परतल्या आणि खाणे सुरू होताच मोठ्या संख्येने रक्तात उतरल्या. त्या काळात जंतुसंसर्ग झाला तर तो अधिक बळावला. आपल्याकडे १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांनी जेवणाची एक वेळ गाळणे मला पटत नाही.

संकष्टीचा उपवास या दोन्हींत बसत नाही, कारण चंद्रोदयानंतर जेवण होते आणि दिवसा फराळाला येणारा साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो. श्रद्धेने तो जरूर करावा, पण साखर उतरेल या अपेक्षेने नको.

गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आणि खाण्याचे विकार होऊन गेलेल्या स्त्रियांनी दोन्ही टाळावेत. इन्शुलिन किंवा ग्लायमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी, नाहीतर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. शरीराला मिळणारी ऊर्जा फार कमी झाली की मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संकेत मंदावतात. त्यामुळे उपवास सुरू केल्यावर पाळी लांबली तर तो तिथेच थांबवून पूर्ववत जेवायला लागावे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.