खडकीचा सरकारी कारखाना की मुंढव्याची खाजगी कंपनी?

सैन्याच्या तोफा आणि दारूगोळा कुणी बनवावा? पुण्यातल्या खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी (दारूगोळ्याचा कारखाना) 1869 ची, इंग्रजांच्या काळातली. वर्षानुवर्षं ऑर्डर ठरलेली असायची, टेंडरची कटकट नसायची, मग घाई कशाला करतील? पण युद्ध लागलं की एकदम जास्त गोळ्या लागतात आणि त्यासाठी शांततेत रिकामी बसणारी मशिनं कुठला खाजगी मालक पोसेल सांगा. 2021 ला असे सरकारी कारखाने चालवणारं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून 7 कंपन्या केल्या, खडकी त्यातल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेली, मालक मात्र सरकारच.

दुसरीकडे मुंढव्याची भारत फोर्ज. शस्त्रं बनवायला खाजगीला दार उघडलं 2001 मध्ये. एटॅग्ज या ओढून न्यायच्या देशी तोफेचं डिझाइन आपल्या पाषाणच्या एआरडीईचं, म्हणजे डीआरडीओच्या सरकारी संशोधन संस्थेचं, बनवायला भारत फोर्ज आणि टाटा दोघांना घेतलं, आणि मार्च 2025 ला 307 तोफांची ऑर्डर निघाली तेव्हा बोली कमी म्हणून भारत फोर्जला 60 टक्के, टाटांना 40. म्हणजे हरणाराही जिवंत राहिला, हे मला जाम आवडलं, नाहीतर पुढच्या वेळी स्पर्धा करायला उरणार कोण? अर्थात मोठं गिऱ्हाईक इथेही सरकारच, त्यात डिझाइनपासून ऑर्डरपर्यंत दहाएक वर्षं गेली, एवढा दम छोट्या वर्कशॉपवाल्याला कुठून असणार.

माझं विचाराल तर तोफा खाजगीकडे, दारूगोळा खडकीकडेच.