६५ वॉटचा चार्जर, आठ महिन्यांनंतर: वेग मनासारखा, पिनेवर मात्र राग

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी रात्री हॉलमध्ये जळकट वास आला. आधी वाटलं समईची वात असेल. मग टीव्हीशेजारच्या बोर्डाकडे लक्ष गेलं. चार्जर सॉकेटमधून पुढे झुकला होता, वरच्या बाजूला नख शिरेल एवढी फट पडली होती आणि आतून बारीक तडतड ऐकू येत होती. खटका बंद करून चार्जर ओढला. एक पिन टोकाला काळी पडलेली, सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी डाग. त्या रात्री पाहुणे धरून घरात अकरा माणसं झोपली होती. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

चार्जर ६५ वॉटचा गॅन, म्हणजे सिलिकॉनऐवजी गॅलियम नायट्राइड वापरून आकाराने लहान केलेला, दोन टाइप-सी आणि एक जुन्या पद्धतीचं चपटं यूएसबी-ए. मे महिन्यात ऑनलाइन १,८९९ रुपयांना घेतला. घेण्याआधी बीआयएसचा, म्हणजे सरकारी मानक संस्थेचा, आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून पाहिला होता, तो बरोबर निघाला.

आम्ही चिपळूणला राहतो. पावसाळ्यात लाईट कधी जाईल आणि किती वेळासाठी येईल याचा भरवसा नसतो. माझा फोन सॅमसंग ए-५४, बॅटरी ५००० एमएएच, डब्यात चार्जर आलाच नव्हता. दोन वर्षं मी जुन्या फोनच्या १० वॉटच्या चार्जरवर भागवलं. पूर्ण चार्ज व्हायला जवळपास तीन तास. मधेच तासभर लाईट आली तर पस्तीस टक्क्यांच्या वर काही जात नसे आणि मला पहाटे लोट्याला शिफ्टला निघायचं असायचं. फोन फक्त २५ वॉट घेतो हे माहीत होतं, तरी ६५ घेतला तो मुलीच्या लॅपटॉपसाठी. दोन चार्जर घेण्यापेक्षा एक बरा, एवढाच हिशोब.

वेगाबद्दल आधी सांगतो, कारण तिथे पैसे वसूल झालेत. खरेदी करताना मी वॉटचा आकडा बाजूला ठेवून पीपीएस, म्हणजे फोन मागेल तसा व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी बदलून देण्याची सोय, आहे का ते पाहिलं. सॅमसंगला ‘सुपर फास्ट’ हवं असेल तर चार्जरवर पीपीएस लिहिलेलंच असावं लागतं. ते नसेल तर चार्जर १०० वॉटचा लावा, फोन नुसतं ‘फास्ट’ दाखवतो आणि पंधरा वॉटच्या आसपास अडतो. माझ्याकडे व्होल्ट-अँपियर दाखवणारा सातशे रुपयांचा टाइप-सी मीटर आहे, तो मधे लावून पाहिलं. शेजाऱ्यांच्या बिनापीपीएसच्या पीडी (टाइप-सीची नेहमीची फास्ट चार्जिंगची पद्धत) चार्जरवर ९ व्होल्ट, १.६ अँपियर. याच्यावर ८.१ व्होल्ट, २.७ अँपियर, आणि बॅटरी भरत जाईल तसा व्होल्टेज ८.२, ८.३ असा चढत गेला. म्हणजे फोन क्षणाक्षणाला चार्जरकडे मोजून मागत असतो. बॅटरीच्या साधारण दुप्पट व्होल्टेज घेतो, आत निम्मा करतो आणि करंट दुप्पट करून बॅटरीला देतो, म्हणून फोन कमी तापतो. मी मशीन शॉपमध्ये काम करतो. ते आकडे हलताना बघून मनापासून आनंद झाला, हे लिहायला हरकत नाही.

पहिल्या अर्ध्या तासात पन्नास टक्के, तासा-सव्वातासात भरत आलेला. ऐंशीच्या पुढे फोन आपणहून वेग कमी करतो, त्याचा दोष चार्जरला देऊ नये. ६५ वॉटने फोन जळेल का, असं आई सारखी विचारायची. नाही जळत. चार्जर किती देऊ शकतो ते सांगतो, घ्यायचं किती ते फोन ठरवतो.

केबलचा घोळ मात्र मलाही उशिरा कळला. लॅपटॉपला ६५ वॉट म्हणजे २० व्होल्टला ३.२५ अँपियर. साधी टाइप-सी केबल ३ अँपियरपर्यंतचीच असते, त्यामुळे ६० वरच थांबते. त्याच्या पुढे जायला आत ओळख सांगणारी चिप असलेली ५ अँपियरची केबल लागते. डब्यात केबल नव्हती, ३४९ रुपये वेगळे गेले.

आमच्या हिचा फोन वेगळ्या कंपनीचा, त्यांची स्वतःची चार्जिंगची पद्धत. तिच्या ६७ वॉटच्या चार्जरवर तो पाऊण तासात भरतो, याच्यावर सतरा-अठरा वॉटच्या वर गेला नाही. ओप्पो-वनप्लसच्या सुपरवूकसारख्या पद्धतीचा फोन असेल तर डब्यातला चार्जर आणि डब्यातली केबल जपून ठेवा, त्यांची बरोबरी बाहेरचा चार्जर सहसा करत नाही. आणि आईची चार्जिंगची बॅटरी, म्हणजे टॉर्च, टाइप-सीचं भोक असूनही सी-टू-सी केबलवर चार्जच होईना. आधी मला वाटलं चार्जर गेला. मग त्याच टॉर्चला यूएसबी-ए वाली केबल लावली आणि लाल दिवा लागला. स्वस्त वस्तूंमध्ये टाइप-सीला लागणारे दोन छोटे रेझिस्टर घालत नाहीत. समोर काही जोडलंय हे चार्जरला समजतच नाही, म्हणून तो व्होल्टेज सोडत नाही. जे चपटं पोर्ट कशाला दिलंय म्हणत होतो, ते जुलैत रोज वापरलं.

दोन पोर्ट एकदम वापरले की ४५ आणि २० अशी वाटणी होते. दुसरी केबल लावताना पहिला फोन क्षणभर सुटून परत जोडला जातो. लॅपटॉपवर चार्जर इतका तापतो की हात ठेववत नाही, फोनवर कोमट. इतपत मला चालतं.

आता पिन. जून-जुलैतच चार्जर खाली मान टाकू लागला होता. येता-जाता अंगठ्याने आत दाबायची सवय लागली होती, ती लागायला नको होती. गणपतीनंतर मी चार्जर कामावर नेला आणि व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, लावला. पिना ४ मिलिमीटर जाडीच्या. आपल्या ६ अँपियरच्या सॉकेटला लागणाऱ्या भारतीय प्लगच्या पिना पाच मिलिमीटरहून किंचित जाड असतात. एवढा फरक. शिवाय वाण्याच्या काट्यावर चार्जरचं वजन १२८ ग्रॅम भरलं, जुन्या १० वॉटवाल्याचं ४१. त्याच्याही पिना चारच्याच होत्या, पण तो हलका आणि बुटका, म्हणून दोन वर्षं गप्प बसला. हा बोर्डापासून सहा सेंटिमीटर पुढे येतो. सगळं वजन पुढे, पकड दोन बारीक पिनांवर. मग वरची बाजू उघडते, पिन आत नीट टेकत नाही, ठिणग्या पडतात, पिन तापते. ४ ची पिन युरोपच्या सॉकेटला बनलेली. भारतात विकायच्या वस्तूला भारतातल्या भिंतीचा विचार करून पिन द्यायला किती खर्च आला असता? डब्यावर गॅनचं कौतुक तीन ठिकाणी छापलंय, पिनेचं माप कुठेच नाही.

वॉरंटी अठरा महिन्यांची. कंपनीला फोटो पाठवले. चौथ्या दिवशी उत्तर आलं की पिन काळी आहे म्हणजे ‘फिजिकल डॅमेज’, वॉरंटीत बसत नाही. मी व्हर्नियरचा फोटो पाठवला, झुकलेल्या चार्जरचा व्हिडिओ पाठवला. पुन्हा तेच वाक्य, शब्दही बदलले नव्हते. फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, “सर, तुमचा सॉकेट लूज असेल.” मी म्हटलं, सॉकेट सैल असेलही, पण भारतातल्या किती घरांत तो घट्ट आहे ते सांगा. नवव्या दिवशी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीचा आपणहून फोन आला आणि तेविसाव्या दिवशी नवीन नग घरी पोचला. तोच, त्याच ४ मिलिमीटरच्या पिनांचा.

इथपर्यंत माझं मत होतं की सगळा दोष चार्जरचा. आळीतल्या वायरमन काकांनी बोर्ड उघडला तेव्हा ते अर्धं बदललं. त्यांनी सॉकेटची पितळी पात समईजवळ धरून दाखवली. चौदा वर्षं त्याच भोकांत इस्त्रीचा जाड प्लग जात-येत होता, त्यामुळे पात फाकली होती, स्प्रिंगसारखी परत मिटत नव्हती. जाड पिनेला ती धरायची, बारीक पिन तिच्यात नुसती लोंबायची. “चार्जरच्या सॉकेटला इस्त्री लावायची नाही, हे लोकांना सांगून दमलो,” असं ते म्हणाले. म्हणजे कंपनीच्या फोनवरच्या त्या मुलीचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मला मान्य करावं लागलं. शटरवाला नवीन सॉकेट ९५ रुपये, काकांची मजुरी १५०.

नवा सॉकेट पहिल्या दिवशी इतका घट्ट की चार्जर काढताना बोर्ड धरावा लागायचा. दिवाळीच्या सुमारास पुन्हा मान खाली. फट थोडी, पण दिसत होती. तेव्हा मात्र राग पुन्हा चार्जरवर गेला. कुणीतरी सुचवलं की पिनेला कागदाची घडी लावून बसव. तसं कृपा करून कुणी करू नका, जिथे ठिणगी पडते तिथेच कागद ठेवणं झालं ते.

शेवटी ४५० रुपयांचा चांगल्या जाड वायरचा एक्स्टेंशन बोर्ड आणला. त्याचा जाड प्लग भिंतीत घट्ट बसतो. बोर्ड टेबलावर आडवा ठेवलाय, चार्जर त्यात वरून उभा. वजन सरळ खाली, ओढ कुठेच नाही. अडीच महिने झाले, पिना दर रविवारी पाहतो, चकचकीत आहेत.

एकूण खर्च: चार्जर १,८९९, केबल ३४९, सॉकेट आणि मजुरी २४५, एक्स्टेंशन ४५०. मिळून २,९४३ रुपये. फोन कंपनीचा पीपीएसवाला २५ वॉटचा चार्जर तेव्हा मला बाराशेच्या आत मिळत होता. लॅपटॉप नसता तर तोच घ्यायला हवा होता, आणि ज्यांना फक्त फोन चार्ज करायचाय त्यांनी तसा छोटा, हलकाच घ्यावा. ६५ चा घेणार असाल तर दुकानात जाऊन घ्या, दुकानदाराच्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावून हात सोडा आणि मिनिटभर बघत उभे राहा.

मुलगी जूनमध्ये पुण्याला हॉस्टेलवर जाईल, हा चार्जर तिच्यासोबत जाणार. तिथल्या भिंतीतले सॉकेट कसे असतील देव जाणे. एक्स्टेंशन बोर्डही मी तिच्या बॅगेत भरणार आहे.