रावपुऱ्यातलं फोटो रिस्टोरेशन: आत्याचा कॉस्च्यूम आहे तसाच राहिला!

घरातल्या बायकांचे नदीवरचे, पोहतानाचे जुने फोटो दुरुस्त करून हवे असतील तर बडोद्यात रावपुरा टॉवरजवळच्या गल्लीतला हा छोटा स्टुडिओ, डोळे मिटून जा. पाचपैकी साडेचार. बाकीचे स्टुडिओ फोटो "सुंदर" करून देतात, हे लोक आहे तसा वाचवून देतात आणि असल्या फोटोंना तेच पाहिजे असतं.

मेन फोटो आमच्या आत्याचा, साठच्या दशकातला, स्विमिंग पूलवर मैत्रिणींसोबत. आजोबांच्या आग्फा क्लिक थ्रीवर काढलेला, तो कॅमेरा आपल्या बडोद्यातच बनायचा, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये, आता कोणाला माहितीच नाही. गडद रंगाचा कॉस्च्यूम, पुढे झालरीएवढा स्कर्ट, हनुवटीखाली पट्टा असलेली रबरी टोपी आणि खांद्यावरून ओघळलेला बंद, कारण कापड लोकरीचं विणलेलं. ताणलं तरी परत घट्ट बसणाऱ्या लायक्राचा शोध १९५८ चा, पण आत्यापर्यंत ते काही पोचलं नव्हतं. ती सांगते, "अगं, पाण्यातून वर आलं की ते इतकं जड व्हायचं, दोन्ही हातांनी धरूनच चालायचं." फोटोत तिचे हात तसेच आहेत!

आधी दुसऱ्या एका दुकानात दिला होता तर त्यांनी कुठल्यातरी ॲपने कॉस्च्यूम चापूनचोपून गुळगुळीत केला, आत्याला गोरी केली आणि टोपीचा पट्टाच गायब, मला तर रडूच आलं. इथल्या भाईंनी प्रिंट नीट स्कॅन करून फक्त बुरशीचे डाग आणि मधली घडी काढली, बस. झूम केलं की लोकरीची वीण दिसते.

दुसरा फोटो पणजीचा, चाणोदला नर्मदेत, तीसच्या दशकातला. ओली नऊवारी, कासोटा घट्ट खोचलेला, पदर डोक्यावर. काकाला तो कलर करून हवा होता. भाई म्हणाले, "ताई, त्या वेळच्या ऑर्थो फिल्मवर लाल रंग काळाच यायचा, कुंकू बघा, काळं दिसतंय ना, मग लुगड्याचा रंग मी कुठून आणू?" एवढं ऐकल्यावर काका पण गप्प. १९३८ ला 'ब्रह्मचारी' सिनेमात मीनाक्षी शिरोडकर पोहायच्या कपड्यात दिसल्या तर केवढा गहजब झाला होता, आणि इथे पणजी त्याच सुमाराला कंबरभर पाण्यात खळखळून हसतेय. कासोट्यामुळे पाय मोकळे राहतात, पोहायला नऊवारी खरंच सोयीची, पाचवारीत हे जमलंच नसतं. मला हे दोन्ही फोटो शेजारी शेजारीच लावायचेत.

अजून एक गोष्ट फार आवडली, शोकेसमध्ये किंवा स्टेटसला सँपल म्हणून आपले फोटो टाकत नाहीत, तसं आधीच स्वतःहून सांगतात. पोहण्याच्या कपड्यातला आत्याचा फोटो अनोळखी लोकांनी बघावा की नाही हे आत्याच ठरवणार ना.

अर्धा स्टार कापला तो उशिरासाठी, सांगतात आठवडा आणि लागतात तीन. स्कॅनिंग स्वस्त, दुरुस्तीचे पैसे फोटो बघून सांगतात, मला वाजवी वाटले. पार्किंग नाही, रिक्षाने जा. आणि काळ्या पानांच्या अल्बममधले फोटो घरी उचकटू नका, अख्खा अल्बमच घेऊन जा, ते स्वतः सोडवून देतात. निगेटिव्ह असतील तर त्या आधी शोधा, प्रिंटपेक्षा त्यांच्यातून कितीतरी जास्त निघतं.