गिझरमधून निघालेला डिस्टेंपर

दिवसभर मी क्रेडिट सोसायटीत लोकांच्या पावत्या तपासतो. तारीख नाही, सही नाही म्हणून माणसांना परत पाठवतो. आणि माझ्याच खिशात ५,२०० रुपयांच्या दोन पावत्या आल्या, ज्यांच्यावर पत्ता नव्हता की जीएसटी क्रमांक नव्हता. मी त्या नीट घडी घालून ठेवल्या. हसू नका, पुढे वाचा. तुमच्याही न्हाणीघरात जुना गिझर असेलच.

आमचा २०१२ साली घेतलेला, २५ लिटरचा, २,००० वॉटचा. चवथीला आठ दिवस होते. फोंड्याजवळचं आमचं गाव, पाऊस उभा कोसळत होता, आईचे गुडघे धरलेले, आणि सकाळी नळाला थंड पाणी. लाल दिवाही पेटेना. त्याआधी चार दिवस पाणी इतकं कढत येत होतं की नळ फुरफुरायचा, वाफ बाहेर पडायची. आम्ही खूश होतो, म्हातारा अजून तापतोय म्हणून. ती तक्रार होती, हे आम्हाला कोणी सांगायचं?

नेहमीच्या वायरमनला फोन केला. तो देखाव्यांच्या लायटिंगमध्ये बुडालेला. "चवथ सोंपूं दी," म्हणाला. मग मी मोबाइलवर कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर' असं टाकलं आणि पहिला जो नंबर आला तो लावला. कंपनीचा नंबर गिझरच्या अंगावर चिकटवलेला होता, वॉरंटी कार्डावरही होता. पण गिझर वर, त्यासाठी स्टूल लागतं, आणि मोबाइल हातात.

दीड तासात दोघे पोरगे स्कूटरवर हजर. एकाच्या डोक्यावर कंपनीच्या नावाची टोपी. हिंदीत बोलणं, "सर, सर" करणं, चपला दारात काढणं, सगळं व्यवस्थित. आल्याआल्या भेटीचे ३५० घेतले, पावती दिली. खालचं झाकण उघडलं आणि टोपीवाला म्हणाला, "सर, विहिरीचा पंप चालू आहे का बघा, आणि मेन बंद करून तिथेच थांबा, मी हाक मारतो." मेन पडवीत, पंप परसात. मी छत्री घेऊन गेलो. दहा मिनिटांनी हाक आली.

न्हाणीघरात अर्धी बादली गढूळ पाणी आणि तळाशी ओंजळभर पांढरे खडे. शेजारी फरशीवर एक काळं पडलेलं, मधोमध फुटलेलं एलिमेंट. "हे बघा सर, तुमच्या टाकीत एवढा क्षार. एलिमेंट गेला, थर्मोस्टॅट गेला, आतली रॉड गेली. अजून दोन दिवस चालवला असता तर शॉक बसला असता, घरात आजी आहेत." आजी हा शब्द त्याने नेमका पेरला.

एलिमेंट १,४५०, थर्मोस्टॅट ९५०, रॉड १,२००, क्षार काढायचं केमिकल ८००, सर्व्हिस ४५०. एकूण ४,८५०. मी बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती! क्यूआर कोड दाखवला, पैसे गेले ते कुणा माणसाच्या नावावर, कंपनीच्या नाही. तेही मी वाचलं आणि बोट दाबलं. जुने भाग त्यांनी पिशवीत घातले, "कंपनीत जमा करावे लागतात." संध्याकाळी पाणी कढत आलं. आईने देवाला हात जोडले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा थंड.

फोन लावला तर तोच गोड आवाज. मी थंड पाण्याचं सांगितलं, आणि आदल्या रात्री गिझरच्या जास्तीचा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून थेंब गळत होते तेही. म्हणाला, "म्हणजे टाकी फुटली. वर्कशॉपला न्यावी लागेल, ३,००० आधी भरा." तेव्हा कुठे माझं डोकं जागेवर आलं. पावतीवर पत्ता कुठला, असं विचारल्यावर फोन कट, आणि नंतर बंद.

पुढचे दिवस परसातल्या न्हाणीत तांब्याचं भाण, म्हणजे अंघोळीच्या पाण्याचा हंडा, तापवलं. करवंट्या, चुडतं, ओली लाकडं, धूर. आई धुरात बसून अगदी शांतपणे म्हणाली, "तो मुलगा पिशवीतून काहीतरी बादलीत टाकत होता रे. मला वाटलं औषध असेल." मी विचारलंच नव्हतं तिला.

विसर्जनानंतर वायरमन आला. झाकण उघडून टॉर्च मारला आणि खालच्या प्लेटच्या नटांवर बोट ठेवलं. नटांवर तांबेऱ्याचे ओघळ सुकून एकसंध बसलेले, पान्याचा एक ओरखडा नाही. "हो नट कोणेंच उगडूंक ना." एलिमेंट आणि रॉड दोन्ही याच प्लेटवर बसतात. प्लेट न काढता ती कुणाला बदलता येत नाहीत. मल्टिमीटर लावला, एलिमेंट २६ ओहम, म्हणजे २,००० वॉटला असायला हवं तेवढंच. ठणठणीत. नवं नाही, आमचंच.

गेला होता तो फक्त थर्मोस्टॅट. तो आतून चिकटला की पाणी तापत राहतं, बंदच होत नाही. म्हणून ते कढत पाणी. मग टाकी फार तापली की शेजारचा कटआउट उडतो आणि वीज तोडतो. त्या कटआउटला एक बारीक बटण असतं. टोपीवाल्याने केलं ते एवढंच: बटण दाबलं. ५,२०० रुपयांना एक बटण. चिकटलेला थर्मोस्टॅट तसाच, म्हणून तिसऱ्या दिवशी कटआउट पुन्हा उडाला. बरं झालं, त्याने कटआउटच्या वायरी एकमेकींना जोडून टाकल्या नाहीत. तसं करणारेही असतात, आणि मग शेवटचा राखणदारच नाहीसा होतो.

गळतीचंही ऐका. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी अंघोळीइतकं तापवलं तर पेलाभर-दीड पेला जास्तीचं होतं, आणि ते त्या व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर येतं. लाल दिवा चालू असताना गळलं आणि मग थांबलं, तर व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. दिवा बंद असताना रात्रभर गळलं किंवा पत्र्याच्या खालून पाणी झिरपलं, तर टाकीकडे बघा.

आता ते खडे. एक बादलीखाली राहिला होता, आईने खिडकीत ठेवलेला. वायरमनने उलटा केला. एक बाजू सपाट, गुळगुळीत, तिच्यावर फिक्या गुलाबी रंगाचा पापुद्रा. कुठल्यातरी भिंतीची पुट्टी! गिझरच्या टाकीला आतून डिस्टेंपर मारत नाहीत. आणि मी तरी कसा गप्प बसलो? आमच्याकडे नळाला ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राचं पाणी, नाहीतर परसातल्या विहिरीचं. चिऱ्याच्या जमिनीतलं ते पाणी बादलीला तांबूस डाग पाडतं, पण चहाच्या किटलीत पांढरा थर मी कधी पाहिला नाही. शिवाय २५ लिटरची टाकी खरंच रिकामी केली असती तर आमची बादली भरून वाहिली असती. होती अर्धी.

नट उघडल्यावर आतली रॉड मात्र खरंच संपलेली निघाली, वरचा मॅग्नेशियम गेला, मधली काळी तार तेवढी उरली. टाकीला गंज लागू नये म्हणून ती स्वतः झिजते. तेरा वर्षांत आम्ही तिच्याकडे पाहिलंच नव्हतं, वर्षा-दोन वर्षांनी बघायला हवी. थर्मोस्टॅट, रॉड, गॅस्केट, मजुरी मिळून १,६०० झाले. जुने भाग त्याने न सांगता माझ्या हातात ठेवले.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, तक्रार केली, पण दहा दिवस उलटल्यावर. तो नंबर पैसे गेल्यागेल्या लावायचा असतो, आणि मी लाजेपोटी घरात सांगायलाच चार दिवस घेतले. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली. पैसे आलेले नाहीत. कंपनीच्या खऱ्या नंबरवरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमचा नंबर कुठून घेतला होता तुम्ही?" मी स्टुलावर चढून स्टिकर वाचतच तिच्याशी बोलत होतो.

परवा घरच्या फोनवर कुणीतरी गिझरच्या वार्षिक सर्व्हिसिंगची आठवण करून दिली. फोन आईने उचलला होता. "आमगेर भाण आसा, बाबा," म्हणाली आणि ठेवून दिला.