घरगुती प्रोजेक्टरचे किट : माझ्या फसवणुकीचा अनुभव

पुठ्ठ्याचे खोके, एक भिंग आणि मोबाइल एवढ्या सामग्रीतून भिंतीवर चित्र पाडता येते, ही गोष्ट खोटी नाही. हे आधीच सांगतो, कारण माझी फसवणूक या खऱ्या गोष्टीच्या आधारानेच झाली. २०२४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या आठवीत जाणाऱ्या मुलीने बुटांच्या खोक्याला भोक पाडून त्यात वाचनाचे भिंग चिकटवले होते, आत मोबाइल उभा केला होता आणि शयनगृहाच्या खिडक्यांना चादरी लावून आम्हा सर्वांना समोर बसवले होते. चित्र पडले. ते फिकट होते, कडांना धूसर होते आणि उलटे होते. गाण्याच्या पट्टीतील मराठी अक्षरांच्या शिरोरेषा खालच्या बाजूला आल्या होत्या. तिने मोबाइल उलटा करून ठेवला तेव्हा शिरोरेषा वर गेल्या, पण अक्षरे आरशात दिसावीत तशी उजवीकडून डावीकडे धावू लागली. मोबाइलचा पडदा भिंतीकडे तोंड करून असतो आणि भिंग चित्र वरचे खाली व डावीकडचे उजवीकडे असे दोन्ही अंगांनी फिरवते, म्हणून असे होते, हे मी तिला कागदावर रेघा मारून समजावून सांगितले होते. इतके सगळे ठाऊक असलेला माणूस दोन महिन्यांनी ४,७४९ रुपयांना कसा फसला, ते आता लिहितो.

डोंबिवलीतील आमच्या सोसायटीत गणेशोत्सवात एक-दोन संध्याकाळी मुलांसाठी चित्रपट दाखवण्याची कल्पना जुलैच्या बैठकीत निघाली. भाड्याच्या प्रोजेक्टरला चार दिवसांचे सहा हजार रुपये सांगितले गेले, तेव्हा खजिनदार काकांचा चेहरा उतरला, आणि मी उत्साहाच्या भरात सांगून बसलो की चार हजारांत आपण स्वतःचाच प्रोजेक्टर तयार करू आणि तो दरवर्षी कामाला येईल. त्या दिवसांत मी मोबाइलवर याच विषयाचे व्हिडिओ पाहत होतो, त्यामुळे तशाच जाहिराती समोर येऊ लागल्या होत्या. त्यांपैकी एका पानावर ‘घरच्या वस्तूंतून १०० इंची थिएटर’ अशा शीर्षकाखाली एक किट विकायला होते. चार इंच व्यासाचे काचेचे भिंग, पन्नास वॅटचा एलईडी, त्यासाठी ॲल्युमिनियमचा हीट सिंक (उष्णता ओढून घेणारा ठोकळा) आणि पंखा, फ्रेनेल भिंगाचा (बारीक गोल खाचा असलेल्या सपाट भिंगाचा) पत्रा, मागचा प्रकाशस्तर काढलेला सात इंची एलसीडी पडदा आणि तो चालवणारे कार्ड अशी यादी होती. खोके, काळा कागद आणि गोंद घरचा वापरायचा होता. किंमत ३,४९९ रुपये होती, त्यातले ४९९ आगाऊ आणि उरलेले तीन हजार पार्सल हाती आल्यावर द्यायचे होते. उजेड ‘१००० लुमेन’ असल्याचे लिहिले होते; लुमेन हे दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो ते मोजण्याचे एकक.

या यादीनेच मला निर्धास्त केले. घरी प्रोजेक्टर बनवण्याची जी पद्धत खरोखर चालते, तिच्यात नेमक्या याच वस्तू लागतात. जुन्या मॉनिटरचा किंवा टॅबचा एलसीडी पडदा उघडून त्याच्या मागचा प्रकाशस्तर अलगद काढतात, मागे प्रखर एलईडी ठेवतात, तो प्रकाश फ्रेनेल भिंगाने पडद्यावर सारखा पसरवतात आणि पुढच्या भिंगाने चित्र भिंतीवर नेतात. रंगीत एलसीडी पडद्यातून मागच्या प्रकाशापैकी जेमतेम पाच-सात टक्के प्रकाशच पलीकडे जातो, म्हणून तर मागचा दिवा इतका मोठा लागतो आणि तो थंड ठेवायला हीट सिंक व पंखा लागतो. ज्याने ही यादी लिहिली त्याला विषय कळतो, असे मी मनाशी धरून चाललो. यादी कोणालाही कुठूनही उतरवून घेता येते, हे त्या क्षणी सुचले नाही.

जाहिरातीसोबत पन्नासेक सेकंदांचा व्हिडिओ होता. पिवळ्या पडद्यांच्या बैठकीच्या खोलीत टेबलावर पुठ्ठ्याचे खोके आणि समोरच्या भिंतीवर झगझगीत क्रिकेट सामना, असे दृश्य होते. मध्येच निळा शर्ट घातलेला एक माणूस खोक्यासमोरून चालत जाऊन भिंतीपाशी उभा राहतो आणि अंगठा दाखवतो. हा व्हिडिओ मी विकत घेण्यापूर्वी निदान सहा वेळा पाहिला असेन.

पार्सल दहा दिवसांनी आले. कुरिअरच्या मुलाने नियमाप्रमाणे आधी पैसे घेतले आणि मगच खोके हातात दिले, त्यात त्याचा काही दोष नाही. खोके उचलताच ते फार हलके लागले. हीट सिंक म्हणजे ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो, त्याचे वजन हाताला कळायलाच हवे होते. आत प्लॅस्टिकचे दोन इंची भिंग निघाले. फ्रेनेल म्हणून वहीच्या आकाराचा तो पातळ प्लॅस्टिकचा पत्रा होता, जो म्हाताऱ्या माणसांना वर्तमानपत्र वाचण्यासाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. पांढऱ्या पट्टीवर बसवलेला एक एलईडी होता, त्याला थेट दोन वायरी आणि प्लग जोडलेला होता. हीट सिंक, पंखा, एलसीडी पडदा आणि कार्ड यांचा पत्ता नव्हता. एक छापील कागद होता, त्यावर लिहिले होते की आपला मोबाइल भिंगामागे उभा करावा आणि ‘ब्राइटनेस वाढवण्यासाठी’ एलईडी मोबाइलच्या मागे ठेवावा.

हे वाक्य मी तीनदा वाचले. मोबाइलची पाठ अपारदर्शक असते, तिच्या मागे पन्नास वॅटचा दिवा लावला काय आणि देवघरातली समई लावली काय, पुढच्या चित्रात काडीचाही फरक पडणार नाही. उलट खोक्यात इकडून तिकडून परावर्तित झालेला तो उजेड चित्राला आणखी फिके करतो. तरीही आपलेच काही चुकत असेल या आशेने मी रविवारी सगळे जोडून पाहिले. एलईडी चालू करताच मिनिटाभरात पट्टी हात लावू नये इतकी तापली, आणि पाच-सात मिनिटांत दोन गोष्टी घडल्या. एलईडीच्या मागचा पुठ्ठा पापडासारखा पिवळट होऊन त्याला करपल्याचा वास सुटला, आणि ग्लू गनने चिकटवलेले भिंग गोंद मऊ पडल्यामुळे घसरून खाली आले. मी प्लग काढला. पुढे लॅमिंग्टन रोडवरच्या एका जुन्या दुकानदाराला ती पट्टी दाखवली, तेव्हा त्याने ती उलटसुलट करून सांगितले की ही स्वस्त फ्लड लाइटमधली पट्टी आहे, तिला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला बेताची वीज पुरवणारे सर्किट, नसतो, ती थेट २३० व्होल्टवर चालते आणि धातूच्या बंद आवरणाशिवाय तिला हात लावणे म्हणजे विजेच्या तारेशी खेळणे आहे. फसवणुकीतले पैसे गेल्याचे दुःख मला आहेच, पण हा भाग आठवला की अंगावर काटा येतो, कारण ते खोके मी मुलीला जोडायला देणार होतो.

आता लुमेनचा हिशेब सांगतो. तो मी पैसे भरण्यापूर्वी करायला हवा होता, कारण त्याला पाच मिनिटे पुरतात. चांगल्या मोबाइलच्या पडद्याची तेजस्विता ५०० निट (पडद्याचा झगमगाट मोजण्याचे एकक) धरली आणि पडदा १४ सेंटिमीटर गुणिले साडेसहा सेंटिमीटर धरला, तर त्यातून चहूबाजूंना मिळून सुमारे १४ लुमेन प्रकाश बाहेर पडतो. एका मेणबत्तीचा प्रकाश साधारण तेवढाच असतो. त्यातला भिंगाच्या तोंडात शिरतो तेवढाच भिंतीपर्यंत पोहोचतो, आणि २० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या दोन इंची भिंगात जेमतेम सव्वा टक्का शिरतो, म्हणजे एका लुमेनच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. आठ फुटांवरच्या भिंतीवर हे चित्र सुमारे पाच फूट रुंद होते आणि तेवढा प्रकाश एका चौरस मीटरभर पसरतो. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना अंगणात जे चांदणे पडते, त्याहूनही हा उजेड थोडा कमीच भरतो. काळोख्या खोलीत डोळे सरावल्यावर एवढ्या उजेडातले चित्र दिसते आणि मुलांना त्याचे अप्रूपही वाटते, परंतु रस्त्याच्या दिव्याचा उजेड येणाऱ्या पार्किंगमध्ये पन्नास माणसांना त्यावर चित्रपट दाखवता येणार नाही. भिंग मोठे केले तर परिस्थिती सुधारते, पण मेणबत्तीचे हजार लुमेन कोणत्याही भिंगाने होत नाहीत.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा पलीकडचा तरुण अतिशय अदबीने बोलला. ‘सर, तुमच्या भिंतीला डिस्टेंपर आहे का? मग भिंतीचा प्रॉब्लेम आहे. पांढरी चादर लावून बघा.’ चादर लावली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘सर, अँगल चेक करा.’ तिसऱ्या दिवशी मी एलसीडी पडदा आणि कार्ड कुठे आहे असे सरळ विचारले, तेव्हा त्याने सांगितले की तुम्हाला चुकून ‘बेसिक’ किट गेले आहे, १,२५० रुपये फरक भरला तर काचेचे भिंग आणि पडदा असलेले ‘प्रो’ किट तीन दिवसांत येईल आणि जुने किट परत घेऊन त्याचे पैसे वळते होतील. ते १,२५० मी भरले. का भरले याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. गणपती जवळ आले होते, ७ सप्टेंबरला चतुर्थी होती, सोसायटीच्या बैठकीत मी मोठ्या तोंडाने बोललो होतो, आणि आधीचे साडेतीन हजार बुडाले हे मान्य करण्यापेक्षा आणखी सव्वा हजार घालणे त्या क्षणी सोपे वाटले.

‘प्रो’ किट आलेच नाही. त्याऐवजी आठवड्याने परताव्यासाठी फोन आला. यूपीआयवर एक विनंती पाठवली आहे, ती स्वीकारून पिन टाका म्हणजे ४,७४९ रुपये खात्यात येतील, असे सांगण्यात आले. विनंती उघडली तर पिनच्या चौकटीवर रक्कम बरोबर होती, पण समोरचे नाव आधी दोनदा पैसे पाठवताना दिसलेल्या नावाहून निराळेच होते. त्या निराळ्या नावामुळे मी थबकलो, आणि मग लक्षात आले की पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. मी नकार दिला, तेव्हा अदबीचा तो आवाज पहिल्यांदा चढला आणि फोन ठेवला गेला. त्यानंतर तो क्रमांक लागला नाही.

त्याच रात्री मी तो व्हिडिओ पुन्हा लावला, आणि आधी सहा वेळा पाहूनही जे दिसले नव्हते ते दिसले. खोलीतली ट्यूबलाइट चालू होती. एवढ्या उजेडात पुठ्ठ्याच्या खोक्यातून इतके झगझगीत चित्र पडणे शक्यच नव्हते. पडद्यावरचा धावफलक सरळ वाचता येत होता. प्रतिमा आरशासारखी फिरवून देणारी ॲप असतात, त्यामुळे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण निळ्या शर्टाचा माणूस खोक्याच्या बरोबर समोरून, भिंग आणि भिंत यांच्या मधून चालत गेला आणि त्याची सावली चित्रावर पडली नाही. त्याच्या पाठीवर क्रिकेटचा हिरवा रंगही उमटला नाही. चित्र खोक्यातून येतच नव्हते, ते नंतर संगणकावर भिंतीच्या चौकटीत बसवलेले होते. मुलीला बोलावून दाखवले, तर तिने दहाव्या सेकंदाला सांगितले, ‘बाबा, सावली कुठाय?’

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर मी तक्रार केली ती दुसरे पैसे गेल्यानंतर अकराव्या दिवशी. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितले की पैसे गेल्यावर लगेच, शक्यतो काही तासांत फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, अकरा दिवसांनी ती बहुतेक पुढे निघून गेलेली असते. तक्रार त्यांनी नोंदवून घेतली, क्रमांक दिला. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही लावून पाहिला, तिथे विक्रेत्याचे नाव आणि पत्ता विचारला गेला, आणि माझ्याकडे तोच नव्हता. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील देणे बंधनकारक आहे. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात निवारण करावे, असेही त्यांत आहे. मी ज्या पानावरून खरेदी केली तिथे एक व्हॉट्सॲप क्रमांक सोडला तर यातले काहीही नव्हते, आणि खरेदी करताना मी ते शोधलेही नव्हते. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढला नव्हता, त्यामुळे आत काय निघाले याचा पुरावाही माझ्या शब्दाखेरीज काही उरला नाही.

सोसायटीचे पैसे मी माझ्या खिशातून भरून दिले. खजिनदार काकांनी ते वहीत जमा धरले आणि एक शब्दही बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरे वाटले असते. गणपतीत प्रोजेक्टर भाड्यानेच आणला.

ऑक्टोबरमध्ये तीच जाहिरात वेगळ्या नावाच्या पानावर पुन्हा दिसली. पिवळे पडदे तेच आहेत, निळ्या शर्टाचा माणूस तोच आहे, फक्त क्रिकेटच्या जागी कार्टून बसवले आहे. किंमत आता ३,९९९ झाली असून आगाऊ रक्कम ९९९ मागतात. त्या पानाविरुद्ध मी समाजमाध्यमावर तक्रार नोंदवली. हे लिहीत असताना ते पान अजून चालू आहे आणि त्याखाली एका गृहस्थांनी विचारले आहे की हे किट पार्किंगमध्ये चालेल का.